मैनूची ओळ

पंचायत समितीच्या मागच्या खोलीत
एक कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे मी.
लाइट गेली की यादी अर्धी राहते,
आली की कुठवर आलो होतो ते शोधतो.

सरकारी यादीत ओळ एकशे बारा:
अत्राम मैनू, चौथी, चिंचपोड.
वाचन: प्रगत.
संस्थेच्या यादीत ओळ एकोणतीस:
मैना आत्राम, तेच पोड, तीच चौथी.
वाचन: अक्षर पातळी.
मधे दिवस फक्त आठ.
आठ दिवसांत पोरगी गोष्टीवरून अक्षरावर उतरली,
नाहीतर चिंचपोडात दोन पोरी आहेत.

दोन्ही कागद ठमके साहेबांपुढे ठेवले.
"त्यांची चाचणी लय कडक आहे," साहेब म्हणाले.
संस्थेची ऋजुता म्हणाली, "तुमची ढिली."
चहा आला. साखर जास्त आहे
एवढ्यावर एकमत झालं.

गुरुवारी तिघं जीपनं निघालो,
दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी, मधे नुसता धुरळा.
गेडाम मॅडम एकट्याच होत्या,
दुसरे गुरुजी मतदारयाद्यांच्या कामावर.
"मैनू एकच आहे जी," त्या म्हणाल्या,
"दोन असत्या तर पट नसता का वाढला?"

मैनू उभी राहिली. हातात पुस्तक.
सातवा धडा घडाघडा,
बोट एका ओळीवर, आवाज तिसऱ्या.
ऋजुतानं हळूच पुस्तक मिटलं.
मैनू थांबली नाही.
मिटलेलं पुढचं पानही तिनं वाचून दाखवलं.
साहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

मग संस्थेचं कार्ड:
आगगाडी फलाटावर आली.
फ वर बोट. ल वर बोट. ट.
मैनूनं मॅडमला कोलामीत काहीतरी विचारलं.
मॅडम जरा थांबल्या,
मग दोन्ही हातांनी हवेत एक लांब ओटा काढला
आणि त्याच्या कडेनं गाडी नेली.
आता ऋजुता कार्डाकडे पाहत होती,
छापून आल्यापासून पहिल्यांदाच वाचल्यासारखी.

मॅडमनं खडू घेतला, मनानंच लिहिलं:
लच्छाकाकीची बकरी पऱ्हाटीत शिरली.
मैनू पऱ्हाटीत अडली,
मागं आली, परत शिरली,
आणि ओळ संपायच्या आधीच हसली.
ते हसू पाठ केलेलं नव्हतं.

"काय लिहू?" मी विचारलं.
"वाक्य," साहेब म्हणाले.
"वाक्य. अडखळत," ऋजुता म्हणाली.
"अडखळतचा रकाना नाही."
"मंग पाडा ना एक."

परतताना बाभळीखाली, जीपच्या बॉनेटवर
एकच कागद दोघांनी लिहिला, आलटून पालटून:
वाचता येणं म्हणजे काय.
पुस्तक मिटून पाहायचं.
एक तरी वाक्य त्या गावातलं.
नाव एकच, दोघांच्या यादीत.
ऋजुता म्हणाली, देणगी देणाऱ्यांना
मार्चमध्ये वाढ दाखवायची आहे.
साहेब म्हणाले, जिल्ह्याले मी शंभर टक्के
कळवून बसलो.
असं मोजलं तर दोघांचेही आकडे पडणार.
बॉनेट तापलेलं. कागद सारखा उडत होता.
"पडू द्या यंदा," कोणीतरी म्हणालं.
ड्रायव्हरनं तेवढ्यात गाडी सुरू केली होती,
कोण म्हणालं ते मला अजून माहीत नाही.

रात्री दोन ओळींची एक करायला बसलो.
मशीननं विचारलं, ही ओळ कायमची काढायची?
बोट थांबलं. फोन लावला.
"मॅडम, नाव कसं लिहू? मैनू का मैना?
अत्राम का आत्राम?"
पलीकडे भांड्यांचा आवाज.
"दाखल्यावर म्याच लिहिलं होतं जी, अंदाजानं,"
त्या म्हणाल्या. "उद्या तिलेच विचारते.
आता तिले लिहिता येते."

लाइट होती,
तरी मशीन बंद केली.